अमेरिकेतल्या कौंटी कोर्टात घटस्फोट: जुना निकाल कसा शोधायचा, नवा अर्ज कसा करायचा आणि तो भारतात टिकेल कसा

पुण्यात माझ्या मैत्रिणीचं दुसरं लग्न ठरलं. नोंदणीच्या वेळी दाखवायला म्हणून तिने कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या कोर्टाचा आठ वर्षांपूर्वीचा घटस्फोटाचा निकाल फायलीतून काढला. वरच्या कोपऱ्यात ‘फाइल्ड’चा शिक्का होता, पण तोही झेरॉक्समध्ये उमटलेला, काळा. पुण्यातल्या वकीलबाईंनी दोनच गोष्टी विचारल्या. “याची प्रमाणित प्रत कुठे आहे?” आणि “तुमचे तेव्हाचे मिस्टर त्या कोर्टात हजर झाले होते का?” पहिल्या प्रश्नाचं उत्तर आम्ही कोर्टाच्या खिडकीवर पंधरा डॉलर भरून मिळवलं. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ होतं, आणि ते आठ वर्षांनी बदलता येत नाही.

मी वकील नाही. ओळखीतल्या मराठी मंडळींसोबत सांता क्लारा कौंटीच्या (कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग; सॅन होजे याच कौंटीत येतं) कौटुंबिक न्यायालयात बऱ्याचदा जाणं झालं, त्यातून जे कळलं ते इथे नीट मांडते आहे. उदाहरण कॅलिफोर्नियाचं आहे, कारण ते मला जवळून माहीत आहे. दुसऱ्या राज्यांत नियम वेगळे आहेत, त्यातले मोठे फरक जाता जाता सांगेन. पण आपल्यापैकी ज्यांचं लग्न भारतात, भारतीय कायद्याने झालंय, त्यांनी राज्य कुठलंही असो, त्या वकीलबाईंचा दुसरा प्रश्न अर्ज भरायच्या आधीच स्वतःला विचारावा.

जुना निकाल शोधायचा असेल तर

हा निकाल पुन्हा लग्न करताना लागतो, पासपोर्टावरून जोडीदाराचं नाव काढताना लागतो. नव्या जोडीदारासाठी ग्रीन कार्डचा अर्ज केला, तर आधीच्या प्रत्येक लग्नाचा शेवट कागदावर दाखवावा लागतो. आणखी एका कारणासाठी मला सांगली-सातारकडून फोन येतात: स्थळ अमेरिकेतलं आहे, मुलगा ‘घटस्फोटित’ म्हणून सांगतो, खरंच झालाय का ते कसं पाहायचं? विचारायला संकोच वाटतो, पण हे पाहण्यात गैर काही नाही. कॅलिफोर्नियात घटस्फोटाच्या फायली सहसा सार्वजनिक असतात.

पहिली चूक बहुतेक जण करतात ती अशी, की लग्न जिथे झालं तिथे शोधतात. लग्नाच्या जागेचा इथे काहीच संबंध नाही. अर्ज करताना दोघांपैकी एक जण ज्या कौंटीत राहत होता, तिथे फाइल असते. कॅलिफोर्नियात ५८ कौंट्या आहेत आणि प्रत्येकीचं सुपीरियर कोर्ट आपापल्या फायली सांभाळतं. म्हणून आधी त्या वेळचा राहता पत्ता काढा. जुनं टॅक्स रिटर्न, भाडेकरार, एखादं पत्रसुद्धा चालेल.

दुसरी चूक खिडकीची. लग्नाचा दाखला कौंटीच्या क्लर्क-रेकॉर्डरकडे मिळतो, म्हणून लोक घटस्फोटासाठीही तिथेच रांग लावतात. घटस्फोटाचा निकाल सुपीरियर कोर्टाच्या क्लर्ककडे असतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याकडेही घटस्फोटाच्या नोंदी आहेत, पण त्या फक्त १९६२ ते जून १९८४ या काळातल्या, आणि त्यांच्याकडून मिळतो तो नोंद असल्याचा दाखला. निकालाची प्रत तिथे मिळत नाही.

कौंटी कळली की कोर्टाच्या वेबसाइटवर नावाने शोधा. इथे आपल्या नावांची खरी परीक्षा होते. ‘व’साठी व्ही की डब्ल्यू, ‘श’साठी नुसता एस की एसएच, शेवटचा ‘ई’ आय की वाय, असं सगळं करून पाहावं लागतं. त्यात आपल्याकडे बाईच्या नावात मधे नवऱ्याचं नाव असतं. पासपोर्टवर ते ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात जाऊन बसतं आणि कोर्टाच्या यादीत ते तिचं पहिलं नाव होऊन बसतं. काही जणांच्या पासपोर्टवर आडनावच नसतं, मग ती मंडळी ‘एफएनयू’ म्हणजे ‘पहिलं नाव माहीत नाही’ या नावाखाली सापडतात. म्हणून माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव, दोघांची नावं, सगळ्यांनी एकेकदा शोधा. एका काकूंची फाइल आम्हाला शेवटी त्यांच्या नवऱ्याच्या आडनावात एक अक्षर कमी टाकल्यावर सापडली. अर्जातच तसं लिहिलं होतं.

वेबसाइटवर खटल्याचा क्रमांक आणि कधी काय दाखल झालं याची यादी दिसते, कागद मात्र उघडत नाहीत. वेबसाइट बिघडलेली नाही. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयीन नियमांनी कौटुंबिक खटल्यांचे कागद घरबसल्या पाहायला बंदी केली आहे, ते कोर्टाच्या इमारतीत जाऊनच पाहता येतात. स्थळाची चौकशी करणाऱ्यांना तेवढी यादीही पुरते: त्यात ‘जजमेंट’ दाखल झालंय का ते पाहा. नुसतं ‘पिटिशन’ दिसत असेल तर अर्ज झालाय, घटस्फोट झालेला नाही. हा फरक दिसायला एका ओळीचा आहे, पण त्यावर एखाद्या मुलीचं लग्न कायदेशीर की बेकायदा हे ठरतं.

क्रमांक हातात आला की प्रत्यक्ष किंवा टपालाने प्रत मागा. साधी प्रत पानाला ५० सेंट, घटस्फोटाच्या निकालाची प्रमाणित प्रत १५ डॉलर. क्रमांक नसेल आणि क्लर्कला शोधायला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर शोधाचे आणखी १५ डॉलर. टपालाने मागवताना स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडा, आणि चेकवर रक्कम न लिहिता ‘इतक्या डॉलरपेक्षा जास्त नाही’ अशी मर्यादा घालता येते का ते त्या कोर्टाला आधी विचारा. भारतातून मागवणाऱ्यांनी अमेरिकेतल्या एखाद्या नातेवाइकाला खिडकीवर पाठवणं सगळ्यात सोपं. फार जुनी फाइल असेल तर ती दुसरीकडे साठवलेली असू शकते, त्यामुळे एका खेपेत काम होईल असं धरून चालू नका.

इतर राज्यांत फिरणाऱ्यांसाठी थोडक्यात: टेक्सासमध्ये डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे जा, काउंटी क्लर्ककडे नाही. न्यू यॉर्कमध्ये उलट, निकाल काउंटी क्लर्ककडे असतो आणि फाइल फक्त त्या दोघांना किंवा त्यांच्या वकिलांना मिळते, तिऱ्हाइताला नाही. न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्यांचाही निकाल ट्रेंटनच्या सुपीरियर कोर्ट क्लर्कच्या कार्यालयातून मागवता येतो.

अर्ज करण्याआधी: व्हिसा, मूल आणि भारत

दोघांपैकी एक जण कॅलिफोर्नियात सहा महिने आणि त्या कौंटीत तीन महिने राहत असला की अर्ज करता येतो. व्हिसा कुठला आहे हे कोर्ट विचारत नाही. पण तुम्ही एच-४ वर, म्हणजे एच-१बी वर काम करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर असाल तर तुम्ही स्वतःला ते विचारलंच पाहिजे. वेगळं राहिल्याने किंवा अर्ज दाखल केल्याने एच-४ जात नाही, घटस्फोट लागू झाला की जातो. तेव्हा त्या तारखेच्या आधी पुढची सोय हवी, आणि त्यासाठी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलणं अर्जाच्या आधी व्हायला हवं. घरात मारहाण किंवा छळ असेल तर कायद्यात वेगळ्या वाटा आहेत: छळ सोसलेल्या एच-४ जोडीदाराला वर्क परमिट मागता येतं. नवरा अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर त्याला न विचारता ग्रीन कार्डसाठी स्वतःचा अर्ज करता येतो, पण घटस्फोटानंतर दोन वर्षांच्या आत. बे एरियात (सॅन फ्रान्सिस्को-सॅन होजेच्या परिसरात) ‘मैत्री’ ही संस्था १९९१ पासून आणि न्यू जर्सीत ‘मानवी’ १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी हे काम करते आहे. माहेरी सांगायच्या आधी त्यांना फोन केला तरी चालेल. खरं तर बऱ्याचदा तेच बरं पडतं.

आता भारत. हिंदू विवाह कायद्यात ‘संसार मोडला आहे’ एवढंच कारण घटस्फोटाला पुरत नाही. कॅलिफोर्नियात मात्र बहुतेक सगळे अर्ज नेमके त्याच कारणावर होतात, ‘न मिटणारे मतभेद’. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली वाय. नरसिंह राव खटल्यात सांगितलं की, ज्या कायद्याखाली लग्न झालं त्यात बसणारं कारण आणि अधिकारक्षेत्र नसेल तर परदेशी घटस्फोट भारतात मान्य नाही. त्याला अपवाद ठेवले. त्यातला आपल्या कामाचा असा: समोरच्याने घटस्फोटाला संमती दिली असेल तर निकाल मान्य होऊ शकतो. तो स्वतःहून हजर होऊन, आपल्या कायद्यातल्या कारणावर लढला असेल तरीही. तो आलाच नाही, काही बोललाच नाही, आणि कोर्टाने एकतर्फी निकाल दिला, तर कॅलिफोर्नियात तुम्ही मोकळे, भारतात मात्र विवाहित ठरण्याचा धोका. मग तिथलं दुसरं लग्न भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली द्विभार्या-द्विपतीच्या गुन्ह्यापर्यंत जाऊ शकतं.

म्हणून माझा आग्रह असा, की बोलणं शिल्लक असेल तोवर समोरच्याकडून सही मिळवा. थोडे पैसे सोडून, थोडा राग गिळून मिळत असेल तरी. २०२६ च्या जानेवारीपासून कॅलिफोर्नियात दोघांना मिळून एकत्र अर्जही करता येतो. आपल्यासाठी ती फार मोठी सोय आहे, कारण दोघंही पहिल्या दिवसापासून कोर्टासमोर असतात. (जिथे मारहाण आहे तिथे हा सल्ला लागू नाही. तिथे आधी सुटका, मग कागद.)

अर्ज दाखल करणं

सगळे फॉर्म कॅलिफोर्निया कोर्टाच्या सेल्फ-हेल्प वेबसाइटवर फुकट आहेत. ‘झटपट घटस्फोट’ म्हणणाऱ्या कंपन्या हेच फॉर्म दोन-तीनशे डॉलरला विकतात. प्रत्येक कौंटीत सेल्फ-हेल्प सेंटर असतं. तिथली माणसं वकील म्हणून तुमची बाजू मांडत नाहीत, पण कुठला फॉर्म, कुठला रकाना, हे शांतपणे सांगतात. इंग्रजीची भीती वाटत असेल तर सुनावणीला मराठी दुभाषी मागता येतो, पैसे पडत नाहीत. फक्त आधी मागा, आयत्या वेळी मराठी दुभाषी उभा नसतो.

सुरुवातीला एफएल-१०० हा मूळ अर्ज, एफएल-११० समन्स, आणि अठरा वर्षांखालचं मूल असेल तर एफएल-१०५. नाव पासपोर्टावर आहे तस्संच घाला. आधीची, लग्नानंतरची, सगळी रूपं लिहा. वर सांगितलेल्या काकूंची दोन तासांची शोधाशोध या एका ओळीने वाचली असती. विभक्त झाल्याची तारीख विचार करून लिहा, कारण त्यानंतरची कमाई ज्याची त्याची, त्याआधीची दोघांची. मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स घेऊन जा. सांता क्लारा कौंटीचं हे कोर्ट सॅन होजेत २०१ नॉर्थ फर्स्ट स्ट्रीटवर आहे. क्लर्क तिन्ही प्रतींवर शिक्का आणि क्रमांक मारून दोन परत देतो. फी ४३५ डॉलर, काही कौंट्यांत ४५०. उत्पन्न नसेल तर एफडब्ल्यू-००१ भरून फी माफ करून मागा. एच-४ वरच्या, स्वतःचं उत्पन्न नसलेल्या बाईने हा फॉर्म भरायला अजिबात लाजू नये.

समन्सची दुसरी बाजू वाचल्याशिवाय घरी जाऊ नका. तिथे दोघांवर लागू होणारी बंधनं छापलेली असतात. अर्ज करणाऱ्यावर ती लगेच लागू होतात, दुसऱ्यावर कागद पोचल्यावर. विमा बंद करायचा नाही, मालमत्ता विकायची किंवा लपवायची नाही, आणि मुलाला दुसऱ्याच्या लेखी संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या आदेशाशिवाय राज्याबाहेर न्यायचं नाही, त्याचा नवा पासपोर्टही काढायचा नाही. दिवाळीला आजी-आजोबांकडे नेऊन आणते, असं म्हणून विमानात बसलेल्या आईवर नंतर मूल पळवल्याचा आरोप होतो. मुलं परत आणण्याच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही, त्यामुळे इथले न्यायाधीश भारताच्या प्रवासाकडे आणखी काळजीने पाहतात. तिकीट काढायच्या आधी लेखी संमती घ्या.

समोरच्याला कागद पोचवणं

तो अमेरिकेत असेल तर सोपं: तुमच्याशिवाय कुठलीही अठरा वर्षांवरची व्यक्ती कागद हातात देऊ शकते आणि एफएल-११५ वर सही करते.

तो नाशिकला परत गेला असेल तर मात्र कुरिअर करून मोकळं होऊ नका. भारत समन्स बजावण्याच्या हेग करारात आहे आणि त्याने टपालाने बजावण्याला हरकत नोंदवलेली आहे. रीतसर मार्ग दिल्लीच्या कायदा मंत्रालयातल्या विधी व्यवहार विभागातून जातो, आणि त्यात महिनेच्या महिने जातात. इथे पुन्हा संमतीच कामाला येते. त्याने स्वतः एफएल-१२० हे उत्तर दाखल केलं की तो हजर झाला, बजावणीचा प्रश्नच मिटतो. त्याला तीस दिवसांची मुदत असते आणि त्यालाही तेवढीच फी भरावी लागते. ती फी तुम्ही भरायची तयारी दाखवली तर कित्येकदा गाडी पुढे सरकते.

मालमत्ता उघड करणं

अर्जापासून साठ दिवसांत एफएल-१४०, १४२ आणि १५० भरून एकमेकांना सगळं दाखवायचं असतं. सगळं म्हणजे फोर-ओ-वन-के (नोकरीतलं निवृत्तीचं खातं), कंपनीचे शेअर, बाणेरचा फ्लॅट, बँक लॉकर, सगळंच. भारतातलं कोर्टाला काय कळतंय, असं समजून लपवलेलं पुढे निकाल उघडायला पुरतं. लग्नात तुम्हाला मिळालेले दागिने, वडिलोपार्जित जमीन हे सहसा तुमचं स्वतंत्र धन राहतं, पण तेही यादीत लिहा. फोटो आणि पावत्या असतील तर आत्ताच स्कॅन करून ठेवा.

निकाल

निकालाला चार वाटा आहेत. उत्तर आलं नाही, करारही नाही: एकतर्फी. उत्तर नाही, पण नोटरीसमोर सही केलेला करार आहे: अर्धी संमती. उत्तर आणि करार दोन्ही: बिनविरोध. आणि चौथी, सुनावणीपर्यंत लढत. भारतासाठी तिसरी वाट निवडा. करारात स्पष्ट वाक्य घाला की दोघांनी या कोर्टाचा अधिकार स्वखुशीने मान्य केला आहे आणि घटस्फोटाला दोघांचीही संमती आहे. कॅलिफोर्नियाच्या कोर्टाला या वाक्याची गरज नसते. पुण्यातल्या कोर्टात ते वाक्यच तुमची बाजू सांगतं.

एफएल-१८० हा निकाल आणि एफएल-१९० ही नोंदीची सूचना. एफएल-१९० वर एक चौकट आहे, ती बोट ठेवून वाचा. त्यात घटस्फोट लागू होण्याची तारीख असते आणि खाली ताकीद असते की या तारखेआधी कुणीही पुन्हा लग्न करू नये. समन्स बजावल्यापासून किंवा समोरचा हजर झाल्यापासून किमान सहा महिने गेल्याशिवाय ही तारीख येत नाही. उलट, सहा महिने झाले म्हणून आपोआपही काही होत नाही. निकालावर सही झालेली नसेल तर सहा वर्षांनीही तुम्ही विवाहितच असता. शिक्क्याची तारीख आणि चौकटीतली तारीख वेगळी असू शकते. लग्नाचा मुहूर्त दुसरीवरून काढा.

माहेरचं नाव परत हवं असेल तर त्याची चौकट एफएल-१८० वरच आहे. राहून गेली तर नंतर एफएल-३९५ भरा.

हातात आलेल्या निकालाचं पुढे काय

निकाल आला त्याच आठवड्यात तीन प्रमाणित प्रती घ्या. खिडकीवर सांगा की एक परदेशात वापरायची आहे, म्हणजे सही-शिक्का अपोस्टिलला (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लागणाऱ्या सरकारी प्रमाणपत्राला) चालेल असा मिळतो. ती प्रत कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे सॅक्रॅमेंटोला टपालाने पाठवा, किंवा सॅक्रॅमेंटोच्या वा लॉस एंजेलिसच्या कार्यालयात प्रत्यक्ष घेऊन जा. अपोस्टिलचे २० डॉलर, प्रत्यक्ष गेलात तर वर ६. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळे वेगळा वकिलातीचा शिक्का लागत नाही. निकालासोबत तुमच्या दोघांचा करार आणि समोरच्याने दाखल केलेलं एफएल-१२० यांचीही प्रमाणित प्रत काढा. तो हजर होता याचा पुरावा त्या एफएल-१२० मध्येच असतो, आणि नेमका तोच कागद लोक मागायला विसरतात.

ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड भारतीय नागरिक किंवा ओसीआयधारक जोडीदाराच्या नात्याने मिळालेलं असेल तर घटस्फोटानंतर ते रद्द होऊ शकतं, त्याआधी चौकशी करा. आणि निकाल एकतर्फीच झाला असेल, माझ्या मैत्रिणीसारखा, तर दोन मार्ग उरतात. त्या माणसाची आता तयारी असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली भारतात परस्पर संमतीने रीतसर घटस्फोट. नसेल तर कौटुंबिक न्यायालयात आपली वैवाहिक स्थिती जाहीर करून मागणारा दावा. तिने पहिला मार्ग धरला. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज झाला, लग्न पुढे ढकललं, आणि अर्जासोबत सॅन होजेची तीच अपोस्टिल लावलेली प्रत जोडली.